मी मंगलाष्टकांचा एडिटर

मी एक जुना एडिटर आहे. एडिटर म्हणजे वर्तमानपत्राच्या कचेरीत चष्मा लावून बसणारे संपादक नव्हेत, मित्रांनो. संगणकावर अक्षरे लिहायची, खोडायची आणि पुन्हा लिहायची ती साधी पाटी म्हणजे मी. माझ्यात तिरपी अक्षरे नाहीत, कोपऱ्यात गुलाबाची फुले नाहीत. काळ्या पाटीवर पांढरी अक्षरे, एवढाच माझा थाट. मी रुक्ष दिसतो हे मला ठाऊक आहे आणि त्याचे मला फारसे वाईट वाटत नाही.

माझा जन्म साता समुद्रांपलीकडे झाला. एका माणसाने मला सुरू केले. मग ठिकठिकाणच्या अनोळखी लोकांनी फुरसतीच्या वेळी माझ्यातले दोष दूर केले, मला नवी कामे शिकवली आणि कुणालाही फुकट नेता येईल असे ठेवून दिले. त्यामुळे मी एकाच वेळी पुष्कळ घरांत नांदतो. एखाद्याला हे चमत्कारिक वाटेल, पण मला सवय आहे. अमरावतीच्या राजापेठेत मी आहे आणि अकोल्याच्या एका लॅपटॉपमध्येही मीच आहे.

राजापेठेत मला जुईलीने आणले. ती तेव्हा इंजिनिअरिंग शिकत होती. तिचे वडील गोपाळकृष्ण गुरुजी लग्नमुंजी लावतात आणि आई चारुशीलाबाई शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्या आहेत. त्यांना सगळी पेठ अजून मॅडमच म्हणते. जुईली दिवसभर माझ्यावर प्रोग्रॅम लिहायची, चुकली की मलाच रागावायची. पुढे तिला पुण्याला नोकरी लागली आणि नवा लॅपटॉप मिळाला. जुन्या लॅपटॉपबरोबर मी मागे राहिलो. मॅडमनी त्यावर विणलेला रुमाल घातला आणि गुरुजींनी त्या रुमालावर पंचांग ठेवले. अंगावर पंचांग घेऊन पडून राहण्यात वाईट काही नाही, पण कामाची सवय लागलेल्याला ते सोसवत नाही, मित्रांनो.

मॅडमना एक छंद आहे. त्या मंगलाष्टके रचतात. लग्नात गुरुजींचे संस्कृत श्लोक झाले की दोन्ही घरांसाठी खास लिहिलेली मराठी कडवी म्हणतात, ती तुम्ही ऐकली असतील. त्यांत नवरा-नवरी, आईवडील, मामा, आत्या सगळ्यांची नावे गुंफलेली असतात. मॅडमच्या कडव्यांना बडनेऱ्यापासून परतवाड्यापर्यंत मागणी होती. पण ज्याचे नाव राहिले तो रुसतो. मग मामांना आत घ्यायचे, त्यांच्यासाठी काकांना दुसऱ्या ओळीत सरकवायचे, तेवढ्यात वरपक्षाकडून फोन यायचा की आमच्या गावाचे नाव कुठे आहे?

तेव्हा मॅडम घरातल्या दुसऱ्या संगणकावर, फुलांच्या नक्षीवाल्या एका प्रोग्रॅममध्ये लिहीत. दरवेळी मागच्या लग्नाची फाइल उघडायची, नावे बदलायची आणि ‘शेवटचे’, ‘अगदी शेवटचे’, ‘हेच घेणे’ अशी नावे देऊन ठेवायची. एकदा परतवाड्याच्या लग्नात भलतेच ‘हेच घेणे’ छापून नेले. नवरदेव त्या दिवशीचा आणि नवरी मागच्या आठवड्यातली, असे मंगलाष्टक भर मांडवात म्हटले गेले. लोक पोट धरून हसले. नवरीची आई मात्र हसली नाही. मॅडम पंगतीतून तशाच उठून घरी आल्या आणि पुन्हा मंगलाष्टक लिहिणार नाही म्हणाल्या.

त्या दिवाळीला जुईली आली. तिने पंचांग उचलले, रुमाल काढला आणि मला जागे केले. या वेळी तिने माझ्या सोबतीला गिट नावाचा एक गडी दिला. हा गिट बोलत नाही, दिसत नाही, फाइलींच्या घरात एका झाकल्या खोलीत बसून असतो. आपण सांगितले की लिखाण या घडीला जसे आहे तसे तो जपून ठेवतो. कुणी काय बदलले आणि का बदलले, तेही त्याच्याजवळ राहते. पुढे कितीही खोडाखोड करा, मागचे रूप मागितले की तो काढून देतो.

आधी जुईलीने आईला गिटचे इंग्रजी हुकूम शिकवले. त्यासाठी मला सोडून दुसऱ्या काळ्या खिडकीत जावे लागे. मॅडम तिथवर जाऊन हुकूम विसरत आणि परत येईतो कडव्याची चालही विसरत. मग जुईलीने मलाच ते काम लावून दिले. माझ्यावर लिहिता लिहिता दोन कळा एकदम दाबल्या की खाली एक पट्टी उघडते. नवे लिहिलेले हिरवे दिसते, काढलेले लाल दिसते. खाली एक ओळ लिहायची की हा बदल कशासाठी केला, आणि पुन्हा दोन कळा. झाले काम. पाटीवरून उठायला नको. शाळेत पाठांतर जिथवर झाले तिथे पुस्तकात खूण घालायची मॅडमची सवय होती, म्हणून त्या याला ‘खूण घालणे’ म्हणू लागल्या. त्यांच्या ओळीही शाळेतल्या शेऱ्यांसारख्या असत: ‘चाल अडखळत होती, सरळ केली.’ ‘मामांचा आग्रह, नाइलाज.’

प्रत्येक लग्नाला गिटमध्ये स्वतंत्र घर मिळाले आणि नवऱ्या एकमेकींच्या मांडवात जाणे बंद झाले. गुरुजी आल्यागेल्याला सांगत की आमच्या घरी आता श्लोकांना मागे फिरता येते. माझी अशी वाखाणणी कधी झाली नव्हती. मी सुखात होतो.

मग आचलचे लग्न ठरले. आचल ही मॅडमची शाळेतली विद्यार्थिनी. तिचे वडील भगवंतराव यांची नांदगाव पेठेजवळ शेती आहे. तिची आई ललिताबाई आचल लहान असतानाच गेली. लग्नाआधी ती मॅडमकडे आली, माझ्यासमोरच खुर्ची ओढून बसली आणि बराच वेळ इकडचे तिकडचे बोलत राहिली. शेवटी म्हणाली, “मॅडम, मायचं नाव पाहिजे मले त्याच्यात. बाकी कोनाचं राहिलं तरी चालन.”

मॅडमनी चौथे कडवे त्यासाठी ठेवले. पुष्कळ ओळी लिहिल्या, खोडल्या. दोन दिवसांनी दुपारी जी ओळ उमटली ती अशी होती:

माऊली ललिता असेच जवळी, ठेवूनि हाता शिरी

मॅडमनी ती चालीवर म्हणून पाहिली आणि पदराने चष्मा पुसला. मग खूण घातली. शेऱ्यात एवढेच लिहिले: ‘आचलसाठी.’

वरपक्ष अकोल्याचा होता. नवरदेव किशोर, आणि त्याची बहीण रागिणी तिथे संगणकाचे क्लास घेते. तिच्याकडेही मीच आहे हे कळल्यावर जुईलीने पुण्याहून अशी सोय केली की अमरावतीची कडवी रागिणीला अकोल्यात घेता यावीत आणि तिचे बदल इकडे यावेत. फोनवर नावे सांगण्याची कटकट गेली. सगळे खूश झाले.

लग्नाला थोडे दिवस उरले होते. मॅडमनी चौथ्या कडव्यात एक शब्द सुधारला, खूण घातली आणि अकोल्याचे बदल मागवले. तेव्हा मी अडलो. एकच कडवे दोन्हीकडे बदलले गेले असेल तर कुणाचे ठेवायचे हे मी ठरवत नाही, गिटही ठरवत नाही. आम्ही दोन्ही रूपे एकाखाली एक मांडतो, वर-खाली बाणांची कुंपणे घालतो आणि माणसाकडे बघतो. वर मॅडमचे कडवे होते. खाली अकोल्याचे होते, त्यात ललिताबाईंची ओळ नव्हती. तिच्या जागी दोन्ही कुळांच्या कीर्तीची एक गुळगुळीत ओळ होती. मॅडमनी रागिणीचा शेरा उघडला. तिथे लिहिले होते: ‘मोठ्या बाबांनी सांगितलं म्हणून काढलं. मले सोताले पटलं नाही.’

मोठे बाबा म्हणजे किशोर आणि रागिणीचे थोरले काका नत्थुजी. घरात त्यांचा शब्द खाली पडत नसे. मॅडमनी फोन केला तेव्हा रागिणीने सांगितले, की मोठ्या बाबांच्या मते लग्नाच्या मांडवात गेलेल्या बाईचे नाव घेणे बरे नव्हे. पत्रिकेवर आहे ते पुरे.

मॅडमनी आचलला बोलावून दोन्ही कडवी दाखवली. आचलने ती वाचली. ती रडली नाही, भांडलीही नाही.

“राहू द्या मॅडम,” ती म्हणाली. “त्यायले पटत नसन तं पहिल्याच दिवशी काहून वाद घालाचा? मले तिथंच राहाचं हाय.”

एवढे बोलून ती चहा न घेता गेली. मॅडम माझ्याकडे बघत बसल्या. मग त्यांनी कुंपणे काढली, वरचे कडवे पुसले, खालचे ठेवले आणि खूण घातली. शेऱ्यात लिहिले: ‘आचलच्या म्हणण्यावरून. मलाही पटलेले नाही.’ माझ्या पट्टीत ललिताबाईंची ओळ लाल झाली आणि मग नाहीशी झाली. मी आयुष्यात असंख्य ओळी पुसल्या आहेत, पण त्या दिवशी मला फार वाईट वाटले. मॅडमचा तो शेराही बाकीच्या बदलांबरोबर अकोल्याला गेला.

दुसऱ्या दिवशी रागिणीने तो वाचला. मग तिने चहाच्या वेळी नत्थुजींना लॅपटॉपसमोर आणून बसवले. तिने त्यांच्याशी वाद घातला नाही. तिने मला एवढेच सांगितले, की चौथे कडवे पहिल्यापासून जसे जसे होत गेले तसे दाखव. हे माझे आवडते काम आहे. मी एकेक रूप मांडत गेलो.

नत्थुजी स्वतः मंगलाष्टके म्हणणारे. तरुणपणापासून भाऊबंदांतल्या प्रत्येक लग्नात त्यांचा खडा आवाज लागलेला. अशा माणसाला कडवे नुसते डोळ्यांनी वाचता येत नाही. ते आपोआप चालीवर म्हणू लागले. ‘माऊली ललिता’पाशी त्यांचा आवाज चढला, ‘ठेवूनि हाता शिरी’पाशी आला आणि तिथेच थांबला. त्यांनी चष्मा काढून रागिणीकडे पाहिले.

“मले तं वाटलं, कैलासवासी म्हनून नाव टाकलं असन,” ते म्हणाले. “हे तं माय पोरीच्या डोक्यावर हात ठेवून राहिली. हे काढा म्हनलं मी?”

रागिणी म्हणाली, “तुमी ओळ आयकलीच नोती, मोठे बाबा. नावच आयकलं होतं.”

नत्थुजींनी चष्मा पुन्हा लावला. मग त्यांनी विचारले की पुसलेले पुन्हा आणता येते का? रागिणीने दोन कळा दाबल्या आणि ओळ जागेवर आली, एक कानामात्रा न हलता. खूण घालताना तिने विचारले की शेऱ्यात काय लिहू? ते म्हणाले, “लिही, चौथं कडवं नत्थुजी म्हनतीन. दुसऱ्या कोनी म्हनाचं नाही.”

अमरावतीला तो शेरा उतरला तेव्हा मॅडम भाजी निवडत होत्या. त्यांनी तो दोनदा वाचला आणि गुरुजींना हाक मारली. आचलला मात्र त्यांनी काही कळवले नाही. तसा निरोपच होता नत्थुजींचा.

लग्नाला मला कुणी नेले नाही. एडिटरला अक्षता मिळत नाहीत, मित्रांनो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी मला उघडले आणि त्याच सकाळी पुण्याहून येऊन शेजारी बसलेल्या जुईलीला त्या पुन्हा पुन्हा तेच सांगत होत्या, म्हणून मलाही सगळे कळले. अंतरपाट धरलेला, आचल मान खाली घालून उभी. तीन कडवी झाली. चौथ्याला नत्थुजी पुढे आले. आईचे नाव ऐकताच आचलने मान वर केली आणि तिच्या मागे उभ्या भगवंतरावांनी डोळ्यांना उपरणे लावले. पुढची ओळ यायला हवी होती, पण नत्थुजींनी तीच ओळ पुन्हा म्हटली, पहिल्याहून सावकाश. मंगलाष्टकात असे कुणी करत नाही. गुरुजीही थांबले. अख्खा मांडव अक्षता मुठीत धरून थांबला.

हे सांगून झाल्यावर मॅडमनी चौथे कडवे काढले. ललिताबाईंच्या ओळीखाली त्यांनी तीच ओळ पुन्हा लिहिली. जुईली म्हणाली की आई, वृत्त बिघडेल, कडव्यात एक ओळ जास्त होईल. मॅडम म्हणाल्या, “होऊ दे.” आणि त्यांनी शेरा लिहिला: ‘जसे म्हटले गेले तसे.’ मग ती प्रत आचलला अकोल्याला पाठवली.

मित्रांनो, तुम्ही लिहाल तेव्हा खोडालच. खुशाल खोडा, त्यासाठीच मी आहे. पण खोडण्याआधी खूण घाला आणि का खोडता ते खरे खरे लिहा, पटले नसेल तर तेही लिहा. कुणाचे लिहिलेले काढायला सांगाल, तर आधी ते पूर्ण वाचा. माझ्याजवळच्या कडव्यात आज एक ओळ जास्त आहे आणि ती पुसायला मला अजून कुणी सांगितलेले नाही.