दोन्या निन्फाचे छापील मरण

सुज्ञ वाचकहो, स्पॅनिश बोलणाऱ्या आमच्या बेटावरील आरोयो सेको गावात जन्मलेल्या आणि न्यूयॉर्क शहरात कादंबरीकार म्हणून कीर्ती पावलेल्या देयानिरा तावारेस हिचे चरित्र, तसेच तिच्या एका पुस्तकामुळे तिच्या आणि तिच्या मावशीच्या दरम्यान जे मौन उत्पन्न झाले व ते ज्या रीतीने संपले, त्याची हकिकत मी येथे यथामती सादर करीत आहे. माझे शिक्षण सहावीपर्यंतचे असून उर्वरित विद्या मी दुकानाच्या गल्ल्यामागे बसून, हाती लागेल ते वाचून संपादन केली आहे. भाषेत उणीव आढळल्यास ती माझी समजावी. हकिकतीत मात्र पदरचे काही घातलेले नाही.

देयानिराची आई लिओनिदा शिवणकामाच्या कारखान्यात नोकरी मिळवून न्यूयॉर्कला गेली, तेव्हा ही पोर नुकती चालू लागली होती. मागे तिला सांभाळले ते लिओनिदाच्या थोरल्या बहिणीने, दोन्या निन्फाने; वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडे मानाने 'दोन्या' म्हणतात. दोन्या निन्फाला मूलबाळ नव्हते. तिचे कार्य निराळे होते. गावात कुणी वारले की पांढऱ्या चादरीने मढवलेल्या वेदीसमोर बसून नऊ संध्याकाळ प्रार्थना सांगण्याचा मान तिचा. त्या प्रार्थनेवाचून मेलेल्याचा जीव दारातून पुढे जात नाही, असे आमच्याकडे मानतात. ती एक ओळ म्हणे आणि खुर्च्यांवर बसलेले सारे गाव मागून प्रतिसाद देई. देयानिरा त्या वेळी तिच्या खुर्चीखाली बसून आल्याच्या चहात पाव बुडवून खात असे. हे दृश्य मी स्वतः पाहिलेले आहे.

पुढे व्हिसा आला आणि मुलगी आईकडे गेली. तिकडे तिने परक्या भाषेत शाळा केली, आईबरोबर कार्यालयांच्या फरश्या पुसल्या, त्या फरश्या पुसता पुसता महाविद्यालय केले आणि अखेरीस लिहू लागली. तिचे पहिले पुस्तक कथांचे होते. ते कुणी फारसे घेतले नाही. दुसरे, कादंबरी, तिला पारितोषिक देऊन गेले. वर्तमानपत्रात आलेले तिचे छायाचित्र मी दुकानात तेलाच्या डब्यांच्या वर चिकटवले होते, ते अद्याप आहे.

परंतु कीर्तीने तिची एक सवय सुटली नाही. दर रविवारी ती माझ्या दुकानाच्या फोनवर मावशीला बोलावून घेई आणि पहिले वाक्य हेच असे, "आशीर्वाद द्या, मावशी." पलीकडून "कशी आहेस" असे विचारण्यापूर्वी इकडून उत्तर जाई, "देव तुझं भलं करो, पोरी." आमच्याकडे लेकरू पाणी मागण्यापूर्वी आशीर्वाद मागायला शिकते. मागितल्याविना तो देत नाहीत, आणि मागितल्यावर नाकारणे म्हणजे नात्यावर माती लोटणे होय.

आता तिसऱ्या पुस्तकाकडे वळतो.

ही कादंबरी आमच्या गावाविषयी होती. त्यात मावशी होती आणि तिचे नाव निन्फा असेच ठेवले होते. पुस्तकाचा स्पॅनिश अनुवाद कुणा प्रवाशाच्या सुटकेसमधून गावात आला आणि आमच्या नभोवाणी केंद्राचा निवेदक फाउस्तो याच्या हाती पडला. फाउस्तोचा आवाज गंभीर असून दुपारच्या मयतांच्या बातम्या तोच वाचतो. त्या बातम्या संपल्यावर, श्वाससुद्धा न बदलता, तो रोज कादंबरीचे एक प्रकरण वाचू लागला.

अखेरच्या प्रकरणात दोन्या निन्फा मरते. भर दुपारी, झुलत्या खुर्चीत, एकटी.

जे गावकरी आरंभापासून ऐकत होते त्यांनी डोळे पुसले व ते जेवायला बसले. परंतु डोंगरातल्या वाड्यांवरील लोकांनी फक्त मयतांच्या बातम्यांसाठी रेडिओ लावला होता. त्यांनी निन्फा हे नाव ऐकले, मरण ऐकले आणि ते खेचरांवर, मोटारसायकलींवर कॉफी, साखर आणि खुर्च्या लादून निघाले. तातिका नावाची एक धिप्पाड बाई सर्वांच्या पुढे होती. कुंपणापासूनच तिने हंबरडा फोडला. दोन्या निन्फा ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलीत बसली होती.

"अगं बाई!" तातिका जागच्या जागी थिजली. "तू तर जिवंत!"

"मग? तुझा काही हिरमोड झाला का?"

"रेडिओवर सांगितलं की गं!"

"रेडिओवर उद्या पाऊसही सांगितलाय, येतो का बघ. रडू नकोस आता. आणि ती कॉफी परत न्यायची नाही हां, आणली आहेस तर ठेव इथं."

त्या दिवशी सारे गाव हसले, आणि सर्वांत मोठ्याने तीच हसली. मात्र संध्याकाळी ती माझ्या दुकानात आली व म्हणाली, "एलीहिओ, ते शेवटचं प्रकरण मला वाचून दाखव."

मी वाचले. खुर्ची, ऊन, कोंबडीचा आवाज, मग शांतता, असे त्याचे वर्णन होते. वर्णन उत्तम होते.

"मग प्रार्थना कोण म्हणतं?"

"कुणी नाही, दोन्या निन्फा. पुस्तक तिथंच संपतं."

"पान चिकटलं असेल. नीट बघ."

मी पान बोटाने चोळून पाहिले. चिकटलेले नव्हते.

तिने पुस्तक माझ्या हातून घेऊन मिटले. मग म्हणाली, "या गावात मी दारुड्यालासुद्धा प्रार्थनेवाचून जाऊ दिलं नाही. बायकोला मारणाऱ्या त्या मेल्या न्हाव्यासाठीही नऊ दिवस बसले. आणि माझ्या पोरीनं मला कुत्र्यासारखं मारलं."

पुढच्या रविवारी फोन आला, तेव्हा मी नेहमीप्रमाणे हाक मारली. ती आली नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. देयानिरा पलीकडून विचारी, "मावशी बरी आहे ना, एलीहिओ काका?" मी म्हणे, "बरी आहे." आणि आम्ही दोघे त्या महागड्या तारेवर नुसते श्वास घेत राहत असू.

ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात, गावभर घेवड्याची गोड खीर शिजू लागली त्या दिवसांत, देयानिरा स्वतः आली. नगरपालिकेने सत्कार योजला होता. तो झाला, भाषणे झाली, मावशी गेली नाही. सत्कार संपताच देयानिरा हार हातात धरून मावशीच्या घरी गेली आणि निम्मे गाव काही ना काही निमित्त काढून त्या कुंपणापाशी उभे राहिले, त्यात मीही होतो.

दोन्या निन्फा खिरीचे पातेले ढवळीत होती. तिने मागे वळून पाहिले नाही.

"कशी आहेस, मावशी?" देयानिरा म्हणाली.

पळी थांबली. आम्ही सर्वांनी ऐकले: आशीर्वाद मागितला गेला नव्हता. पळी पुन्हा फिरू लागली. मावशीने खिरीचा वाडगा भरला, वर बिस्किटे ठेवली आणि तिच्यासमोर ठेवून ती मागच्या अंगणात निघून गेली.

त्या दुपारी माझ्या दुकानापुढे डॉमिनो खेळणाऱ्यांत दुसरा विषय नव्हता. चिची, जो पूर्वी राजधानीची बस चालवीत असे, सोंगटी आपटून म्हणाला, "शिकली ना जास्त! शिकलं की माणूस आधी आशीर्वाद विसरतं, मग उधारी."

"तू काहीच शिकला नाहीस, तरी उधारी विसरतोस," मी म्हणालो.

"मी म्हणतो, म्हातारीनंच पुढं होऊन द्यावा की! काय जातंय तिचं?"

"न मागता?"

चिचीने पुढची सोंगटी लावली. नियम त्यालाही ठाऊक होता.

त्याच वेळी देयानिरा आली. खेळणाऱ्यांनी आपापल्या खुर्च्या पलीकडच्या सावलीत नेल्या. मी तिला थंड पेय दिले. ते तिने नुसते हातात धरून ठेवले.

"काका, सगळ्यांना वाटतंय मी विसरले."

"विसरलीस का?"

"नाही. तो मागवेना माझ्याच्यानं." तिची स्पॅनिश एरवी अडखळते, त्या दिवशी अडखळली नाही. "त्या खुर्चीत मावशी नाही मेली, काका. आई मेली."

काही वर्षांपूर्वी लिओनिदा वारली त्या हिवाळ्यात देयानिरा दूर उत्तरेला, एका बर्फाळ गावी महाविद्यालयात शिकवीत होती आणि आई तिच्यासोबत होती. तिथे आमच्यातले कुणी नव्हते. दुपारी खिडकीपाशी, खुर्चीत, लिओनिदा गेली. लेक वर्गात होती. त्याच सुमारास इकडे दोन्या निन्फा कंबरेचे हाड मोडून सान्तियागोच्या इस्पितळात पडली होती. तिला बातमी उशिरा, ती घरी परतल्यावर, सांगितली गेली. तिचा पहिला प्रश्न होता, "नऊ दिवस झाले?" आणि देयानिराने माझ्या दुकानाच्या फोनवर सांगितले होते, "झाले, मावशी. पांढरी चादर, फुलं, चर्चमधल्या सगळ्या बायका आल्या होत्या." ते मीही ऐकले होते, आणि मलाही समाधान वाटले होते.

"कुणीही नव्हतं," देयानिरा म्हणाली. "मी एकटीच मेणबत्ती लावून बसले. पहिली ओळ आठवली, दुसरी आठवेना. मी लहानपणी तिथं खुर्चीखाली पाव खात बसायचे, काका. मी फक्त प्रतिसाद देणाऱ्यांचं ऐकलं होतं."

मी म्हणालो, "मग पुस्तकात आईचंच नाव घालायचंस."

"आईचं नाव लिहिलं असतं तर मावशीला कळलं असतं."

यावर मी पुष्कळ विचार केला आहे. माझ्या अल्प मतीप्रमाणे ग्रंथकार सत्य लपवण्याकरिता जितका खोल खड्डा खणतो, तितके ते सत्य मोठ्याने बोलते. तिने एकीचे मरण दुसरीच्या अंगावर घातले, आणि ते तिला नेमके बसले म्हणूनच टोचले.

"दर रविवारी ते खोटं मध्ये ठेवून मी आशीर्वाद घेतला," ती म्हणाली. "आता तिच्या तोंडासमोर नाही घेववत. आणि खरं सांगितलं तर तिची बहीण तिच्यासाठी पुन्हा मरेल, तेही प्रार्थनेवाचून. काय करू?"

मी दुकानदार. मिठाचा भाव मला कळतो. तरी मी म्हणालो, "पोरी, ती आयुष्यभर मेलेल्यांच्या घरी गेली आहे. खऱ्या मरणाला ती घाबरायची नाही."

देयानिराने बाटली तशीच ठेवली आणि ती गेली. या वेळी कुंपणापाशी कुणी नव्हते. मी चिचीसह सर्वांना खेळात गुंतवून ठेवले होते. त्यामुळे आत जे बोलणे झाले ते मला देयानिराने नंतर सांगितले तेवढेच ज्ञात आहे. तिने सारे सांगितले. मावशीने रुमाल तोंडाला लावला नाही, आरडाओरडा केला नाही. फक्त विचारले, "डोळे कुणी मिटले?"

"मी. घरी आल्यावर."

"बरं केलंस." आणि बऱ्याच वेळाने, "माझ्या लिओनिदाला इतकी वर्षं दारात उभं ठेवलंस गं."

मग ती उठली आणि तिने पेटीतून पांढरी चादर काढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी फाउस्तोने त्याच गंभीर आवाजात वाचले, "लिओनिदा तावारेस, न्यूयॉर्कवासी, देवाघरी गेली. प्रार्थना आज संध्याकाळपासून, तिच्या बहिणीच्या घरी." मी त्याला मयताची तारीख सांगितली होती. ती त्याने वाचली नाही. म्हणाला, "आमच्या केंद्रावर ताजंच मरण लागतं."

तातिका पुन्हा डोंगरावरून कॉफी घेऊन आली. मात्र कुंपणापाशी थांबली आणि तिने मला बाजूला घेतले.

"एलीहिओ, खरं सांग. या वेळी तरी कुणी मेलंय ना? उगाच रडून घसा बसतो माझा."

"मेलंय, तातिका. उशीर झाला एवढंच."

"मग रडते," असे म्हणून ती आत गेली आणि मनापासून रडली.

देयानिराचे परतीचे विमान त्या आठवड्यात होते; ते तिच्यावाचून गेले. ती रोज संध्याकाळी मावशीशेजारी खुर्चीवर बसली. मावशी एक ओळ म्हणे आणि देयानिरा तिचे ओठ पाहत राही, जसे शिंप्याकडे नवे आलेले पोर सुईकडे पाहते. आरंभी ती चुकली. मावशी थांबली, तिने ओळ पुन्हा सांगितली व पुढे गेली. गावाने प्रतिसाद दिला. अखेरच्या संध्याकाळी, वेदी उतरवण्यापूर्वी, दोन्या निन्फाने जपमाळ तिच्या हातात दिली आणि स्वतः मागच्या रांगेत, माझ्याजवळ येऊन बसली. देयानिराने प्रार्थना सांगितली. तिचे उच्चार परदेशी होते आणि दोन ठिकाणी ती अडखळली, हे मी सत्याला स्मरून नमूद करतो. तरी प्रतिसाद देणाऱ्यांमध्ये मावशीचा आवाज सर्वांत स्पष्ट होता. नंतर चादर घडी झाली, दार सताड उघडले गेले, आणि बायकांनी लिओनिदाला निरोप देऊन शेवटचे रडून घेतले.

सकाळी चिचीची गाडी विमानतळाकडे निघायला उभी होती. देयानिरा दारातून आली आणि मावशीसमोर उभी राहिली.

"आशीर्वाद द्या, मावशी."

दोन्या निन्फाने तिला घटकाभर तसेच उभे ठेवले. तेवढा तिचा हक्क होता.

"देव तुझं भलं करो, पोरी," ती म्हणाली. "आणि पुस्तकात मला परत मारशील, तर आधी गावाला जेवू घाल."

चिचीने गाडीचा भोंगा वाजवला. देयानिरा हसत होती, रडतही होती, आणि तिच्या सुटकेसवर मावशीने खिरीचा डबा दोरीने बांधून दिला होता. पुढच्या रविवारी दुकानातला फोन वाजला, तेव्हा मला हाक मारावी लागली नाही. दोन्या निन्फा आधीपासूनच गल्ल्यापाशी उभी होती.

येथे हकिकत समाप्त होते. माझ्या ओबडधोबड लेखणीस आपला बहुमूल्य वेळ देऊन ज्यांनी येथवर सोबत केली, त्या सर्व वाचकांचा मी मनःपूर्वक ऋणी आहे.

आपला नम्र,
एलीहिओ क्रुसेता
किराणा दुकानदार, आरोयो सेको