उंबऱ्यावर अडकलेली मार्था

सत्तर फूट लांब आणि जेमतेम सात फूट रुंद, अशी मी कालव्यातली एक जुनी नाव आहे, मित्रांनो. बर्मिंगहॅमजवळच्या धक्क्यावर ओकच्या फळ्या वाफेवर वाकवून मला घडवलं. माझ्या कुशीवर ‘मार्था’ हे नाव आणि भोवती गुलाब रंगवले. पुष्कळ वर्षं मी कोळसा वाहिला. आधी मला घोडा ओढायचा, मग इंजिन आलं. जोसाया ट्रँटर माझे धनी. त्यांची दोन्ही लेकरं, विल्फ आणि एनिड, माझ्याच मागच्या खोलीत जन्मली. कोळसा लॉऱ्यांतून जाऊ लागला, तेव्हा जोसायांनी माझ्या पोटात पलंग आणि चूल बसवली. मग आम्ही नुसतेच हिंडायचो, इतके सावकाश की बदकंही पुढे निघून जायची. ते माझे सुखाचे दिवस.

जोसाया गेले आणि मी दोघा भावंडांच्या वाट्याला आले. विल्फला मला विकायचं होतं. एका माणसाला मला काठावर चढवून चहाचं दुकान थाटायचं होतं ना! एनिडला मी पाण्यातच हवी होते.

“एक आठवडा माझ्याबरोबर चल,” ती भावाला म्हणाली, “मग काय ते ठरव.”

पण पहिल्याच दिवशी दोघांची तोंडं वाकडी झाली. चहासुद्धा वेगवेगळा होऊ लागला.

“बांधलेल्या नावांजवळून हळू घे रे! लाटेने लोकांच्या कपबश्या पडतात.”

“मला शिकवू नकोस. तू शाळेत पाटी गिरवत होतीस, तेव्हा मी सुकाणू धरत होतो.”

“हो, आणि बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा सोडून पळालास!”

विल्फने तिच्याकडे पाठ केली. ते मला ओरडण्याहून वाईट वाटलं.

पाचव्या दिवशी मला लॉकमधून खाली उतरायचं होतं. लॉक म्हणजे दोन दारांमधला दगडी हौद. झडपा उघडून त्यातलं पाणी सोडलं, की नाव पाण्याबरोबर खाली जाते. मात्र मागच्या दाराशी पाण्याखाली दगडी उंबरा असतो. नाव त्याच्या पुढेच राहील, हे डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. विल्फ सुकाणूवर होता. एनिड झडपा फिरवायचा लोखंडी दांडा घेऊन काठावर उभी होती.

खाली ग्रिमशॉ नावाचा एक नाववाला आपल्या पाळीची वाट पाहत होता. “ओ बाई, उतरताय की तिथंच स्वयंपाक मांडताय?” तो ओरडला.

“एवढी घाई असेल तर बसने जा!” माझ्याकडे पाठ करून एनिड त्याच्यावर उखडली, आणि रागारागात तिने दोन्ही झडपा पुऱ्या उघडल्या. तिच्याशी बोलायला नको म्हणून विल्फ सुकाणू सोडून आत गेला होता.

मी हळूच मागे सरकले. माझं मागचं टोक उंबऱ्यावर बसलं आणि पुढचं पाण्याबरोबर खाली जाऊ लागलं. भांडी, पलंग, पेट्या, सगळं घरंगळत विल्फच्या अंगावर गेलं. माझ्या पुढच्या दारातून पाणी आत आलं.

“झडपा पाड, बंद कर! उंबऱ्यावर बसली नाव!” ग्रिमशॉ धावत वर आला. एक झडप एनिडने पाडली, दुसरी त्याने. मग त्याने मागच्या दारातून वरच्या कालव्याचं पाणी थोडं थोडं हौदात घेतलं, तेव्हा मी सरळ झाले.

“तुम्हा दोघांना नावेवर पाऊल ठेवू देऊ नये,” एवढं बोलून तो गेला.

विल्फ बाहेर आला. कपाळावर रक्त होतं. “मारलंच होतंस मला.”

“तू सुकाणू सोडून का गेलास?”

दोघांचंही खरं होतं. एनिडने हातातला दांडा काठावर टाकला. मग म्हणाली, “त्या चहावाल्याला कळव. घेऊन जा म्हणावं हिला.”

“कळवतो.”

पाच दिवसांत दोघांचं एकमत झालं ते एवढ्या एकाच गोष्टीवर.

आता मी काठावर लाकडी ठोकळ्यांवर बसले आहे. लोक माझ्या पोटात बसून चहा पितात, गुलाबांची तारीफ करतात. पण लाकडी नावेला पाणी लागतं. कोरडी पडली की तिच्या सांध्यांना भेगा जातात. मित्रांनो, राग प्रत्येकालाच येतो. पण कुणाचा जीव तुमच्या हाती असेल, तेव्हा त्याच्याकडे पाठ करू नका. आणि कधी इकडून गेलात, तर कालव्यातलं ओंजळभर पाणी माझ्या कुशीवर शिंपडून जा.