दहापर्यंतचे आकडे

बाईंनी जीव तोडून काम केलं आणि तेच त्यांना नडलं, अगदी वाईट नडलं.

नगरपालिकेच्या शाळेत जिन्याखालच्या खोलीत त्यांचा वर्ग भरायचा. मुलं नऊ. कुणाला बोलता येत नव्हतं, कुणाला एका जागी बसवत नव्हतं, आणि ठकीला शाळेची घंटा सोसत नव्हती. घंटा झाली की पोर भिंतीवर डोकं आपटायची. बाई एकट्या जीवाच्या, घरी गेलं की बोलायला चार भिंती. त्यामुळे सगळा जीव या नवांत.

निवडणूक तोंडावर आली तसा नगरपालिकेच्या सभेत एकाला कंठ फुटला, "इतक्या थोड्या मुलांना वेगळी बाई कशाला?" मग ठरलं, समिती वर्ग बघेल आणि अनुदान ठेवायचं की नाही ते सांगेल.

झालं! पाहुणे येणार म्हटल्यावर घर आवरावं, तसा बाईंनी वर्ग आवरायला घेतला. महिनाभर बाकीच्यांना एका जागी बसायची सवय लावली आणि ठकीला शिकवलं. घंटा झाली की कान घट्ट दाबायचे, बाईंच्या ओठांकडे बघायचं आणि ओठ हलतील तसे दहापर्यंत आकडे म्हणायचे.

समिती आली आणि नेमकी घंटा झाली. ठकीने कान दाबले, बाईंकडे बघत दहा आकडे म्हटले आणि वर हसली! अध्यक्ष खूश.

"कमाल केलीत बाई! चांगली धडधाकट मुलं आहेत की. उगाच वेगळी ठेवलीत. वर इतर मुलांच्या वर्गांत बसवा."

"अहो साहेब, ती माझ्याकडे बघून—"

"तेच म्हणतोय मी. तुमचं काम फत्ते झालं."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. रोजचा गोंधळ दिसू दिला असता तर वर्ग वाचला असता. पण आपल्या लेकरांचं उणं चारचौघांत मांडायला कुणाचा जीव धजावतो हो?

अनुदान बंद झालं. नऊ मुलं पन्नास-पन्नासच्या वर्गांत पांगली, खोलीत मोडके बाक आले आणि बाईंना कचेरीत बसवलं. मुलांना भेटायचं नाही, त्यांना सवय होऊ दे, असा हुकूम.

पहिल्याच दिवशी घंटा झाली आणि वरून ठकीची किंकाळी आली. कारकून म्हणाला, "बसा बाई, होईल सवय." बसतात कसल्या! हुकूम गेला खड्ड्यात म्हणत त्या जिना चढल्या. वर्गाचं दार आतून लावलेलं होतं.

"अहो, उघडा! तिला नुसतं माझं तोंड दिसू दे."

आतून गुरुजी म्हणाले, "बाई, तुम्ही आलात की ती कधीच शिकायची नाही. जा तुम्ही."

आत डोकं आपटल्याचा आवाज येत होता. बाईंना रडू फुटलं. दाराला तोंड लावून त्या मोठ्याने आकडे म्हणायला लागल्या. ठकीचे कान तर दाबलेले असणार, ते त्यांनीच शिकवलं होतं. दहा झाले. आवाज थांबला नाही. बाईंनी पुन्हा एकपासून सुरुवात केली.