वरचे ऐंशी डॉलर

माझी बायको जॉयस नोव्हेंबरात गेली. जानेवारीत मार्लिसने पगाराचा फॉर्म नव्याने भरायला मला ऑफिसात बोलावलं. काउंटीच्या रस्त्यांवरचा बर्फ काढणाऱ्या आम्हा सगळ्यांचे पगार मार्लिसच काढते. चर्चमध्ये जॉयस तिच्या शेजारी बसायची.

'विवाहित' खोडून आता 'एकटा' लिहायचं होतं. लिहिलं. मग मार्लिसने खालच्या ओळीवर बोट ठेवलं. दर पगारातून टॅक्सपोटी वरचे ऐंशी डॉलर कापा, असं तिथे मीच तीन वर्षांपूर्वी लिहून दिलं होतं.

जॉयस शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. आम्हा दोघांच्या पगारातून टॅक्स जायचा, पण घरात तेवढा एकच पगार येतो अशा हिशेबाने. त्यामुळे कमी कापला गेला आणि एप्रिलमध्ये वर्षाचा हिशेब झाला तेव्हा आमच्याकडूनच सरकारला देणं निघालं. मी भावाकडून गुपचूप उसने घेऊन ते भरलं. पुन्हा तशी वेळ नको म्हणून हे ऐंशी. जॉयसला खरं सांगायचं तर उसनवारीही सांगावी लागली असती. मी म्हणालो, सरकारने टॅक्स वाढवला.

जास्तीचं कापलेलं दर वसंतात परत यायचं, एकदम मोठी रक्कम. मला ते आवडायला लागलं. गेल्या वर्षीचे पैसे छपरात गेले आणि जूनमध्ये जॉयसची उजवी दाढ तुटली. टोपी बसवायला बाराशे लागणार होते. पुढच्या वसंतात बघू, असं तीच म्हणाली. एक कागद बदलला असता तर ते ऐंशी दर पगाराला घरी आले असते. मी बदलला नाही.

ती डाव्या बाजूने जेवायला लागली. शुक्रवारी पास्टी, म्हणजे मांस-बटाटा भरलेली मोठी भाजलेली करंजी, केली की कडक कडा तोडून माझ्या ताटात टाकायची. म्हणायची, "वॉशिंग्टनवाल्यांनो, माझी दाढ तुमच्याकडे आहे हं, नीट सांभाळा." मी हसायचो.

ती मेंदूतल्या रक्तस्रावाने गेली. दाढेचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. डॉक्टरांना मी दोनदा विचारलं.

"हे ऐंशी ठेवू की काढू?" मार्लिसने विचारलं. मी ती ओळ पुन्हा वाचली. तिने पेन खाली ठेवलं.

"आर्नी, तिने मला विचारलं होतं. सप्टेंबरात, चर्चबाहेर. तुझ्या पगारातून इतकं का जातं म्हणून. मला कुणाचं काही सांगता येत नाही. म्हटलं, नवऱ्यालाच विचार."

"मग?"

"म्हणाली, म्हणजे त्यानेच कापायला सांगितलंय. राहू दे, सांगेल तो कधीतरी."

सप्टेंबरात. म्हणजे त्यानंतरही दर शुक्रवारी ती वॉशिंग्टनवाल्यांना बोलत होती, माझ्याकडे बघत. आणि मी हसत होतो.

"काढून टाक," मी म्हणालो.

पुढच्या पगाराला हातात ऐंशी जास्त येतील असं वाटलं होतं. दोनच डॉलर जास्त आले. मी मार्लिसकडे गेलो. ती म्हणाली, तेवढ्याच पगारावर एकट्या माणसाचा टॅक्स जास्त कापतात. तुझे ऐंशी गेले, सरकारचे आले.

तीन वर्षं जॉयसला जे सांगत होतो, ते आता खरं झालं होतं.

येताना दुकानातून पास्टी घेतली. घरी बसून कडेसकट, फक्त डाव्या बाजूने खाऊन पाहिली. फार वेळ लागतो.