रिकाम्या जमिनीवरची माणसं

भट्टीवरून उतरलेल्या इस्पितळाच्या चादरी परटीण पिळत होती. नदीकाठच्या सरकारी माळावर तिच्या आजेसासऱ्यांपासून परटांची चार घरं धुणी वाळवत आली होती. तेवढ्यात जमीन कार्यालयातला कारकून आला आणि तिच्या नवऱ्याला म्हणाला, "मुकादम, उद्या साहेब पाहणीला येताहेत. दोऱ्या-वलणी काढून माळ जरा लख्ख करून ठेवा. पाहुणा येणार म्हटल्यावर आपण घर आवरतोच ना?"

आजवर त्याला कुणी 'अरे'शिवाय हाक मारली नव्हती. 'मुकादम' ऐकून गडी हरभऱ्याच्या झाडावर चढला.

"वलणी कशाला काढायच्या?" परटीण म्हणाली. "अहो, आपण इथं धुणी वाळवतो हे दिसू दे की साहेबांना!"

"तुझं आपलं प्रत्येकात खुसपट! एवढ्या मोठ्या माणसासमोर लोकांच्या चड्ड्या लटकवायच्या?"

बांबू उपटले, दोऱ्या गुंडाळल्या, बायकांनी माळ झाडून आरशासारखा केला. साहेब आले, फोटो काढले, "वा, छान!" म्हणाले आणि गेले. नवरा रात्रभर खुशीत होता.

महिन्याभरात हुकूम निघाला. जमीन वापराविना पडीक आढळली, सबब एका क्लबाला भाडेपट्ट्यानं दिली आहे. क्लब मंत्र्याच्या मेहुण्याचा, हे शेंबडं पोरही सांगत होतं.

चारही घरांनी हरकत घेतली. सुनावणीला साहेबांनी टेबलावर फोटो सरकवले. "पाहणीच्या दिवशी तिथं एक रुमालसुद्धा नव्हता."

"तुमच्याच माणसानं काढायला लावलं!" परटीण कडाडली.

"तसा लेखी आदेश आहे?"

कारकून खिडकीबाहेर बघत राहिला. साहेबांचा आवाज लोण्यासारखा झाला. "मुकादम, हरकत मागे घ्या. क्लबाचे टॉवेल धुवायचं काम तुम्हालाच."

नवऱ्याचं तोंड एवढंसं झालं होतं. मान खाली घालून त्यानं पेन उचललं. परटिणीनं ते त्याच्या बोटांतून काढून घेतलं.

"यांच्या शब्दावर एकदा माळ झाडून दिलात. आता बाकीच्या तीन घरांच्या चुलीही झाडून देणार?"

हरकत फेटाळली गेली. त्यांनी वर अपील केलं, पण तारीख लागायच्या आत क्लबानं माती उकरायचं मशीन आणलं. परटीण त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. नदीवरचा पूल माणसांनी भरला. कडक इस्त्रीचे सदरे घातलेली गावातली सभ्य माणसं तमाशा बघत होती. एकजणही खाली उतरला नाही.

"बाई, बाजूला व्हा," चालक ओरडला.

"का? हुकुमात लिहिलंय, इथं कुणी नाही. मग तू बाजूला हो म्हणतोस ते कुणाला?"

चालकानं मशीन बंद केलं. नवरा गर्दीतून आला आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसला. मागोमाग बाकीची घरं आली.

सार्वजनिक जमीन सर्वांची, असं कायदा म्हणतो. त्या 'सर्वां'तून ही चार घरं कुणी वगळली? साहेबांनी, मंत्र्यानं, की पुलावरच्यांनी? अपिलाची तारीख अजून लागलेली नाही. माळावर माणसं बसून आहेत, आणि पुलावरून खाली जायला पायऱ्या आहेत.