व्हर्नाच्या घराखालची नळी

मित्रांनो, मी एक जुनी नळी आहे. पाण्याची नव्हे, गरम हवेची. पत्र्याची, चौकोनी, आणि एखादे मूल आतून रांगत जाईल एवढी रुंद. माझ्या दोन्ही अंगांना गोल फांद्या फुटल्या होत्या, घरातल्या प्रत्येक खोलीसाठी एक. आता माझे तुकडे झाले आहेत आणि ते अंगणात एकावर एक रचून ठेवले आहेत. भंगाराची गाडी यायची आहे. ती येईपर्यंत तुम्हाला माझी हकिकत सांगते. ती फार मोठी नाही, आणि रडगाणे तर मुळीच नाही.

टेनेसीच्या डोंगरातल्या एका लहान गावी माझा जन्म झाला. गावात पत्र्याचे काम करणारे एक दुकान होते. तिथे लाइल स्टॉकर्ड नावाचा कारागीर होता. त्याच्या धाकट्या भावाचे, ऑरिनचे, लग्न झाले होते आणि तो नवे घर बांधत होता. लाइलने त्याच्यासाठी पत्रा निवडला, कापला, दुमडला आणि कडा एकमेकींत अडकवून हातोडीने ठोकून काढल्या. ठोके बसताना दुखले. पण उभी राहिले तेव्हा अंगावर जस्ताच्या मुलाम्याची फुले अशी चमकत होती की मला स्वतःचाच अभिमान वाटला.

माझी जागा मात्र मिरवण्याची नव्हती. ऑरिनचे घर विटांच्या बुटक्या भिंतींवर उभे होते आणि लाकडी जमिनीखाली माणूस जेमतेम सरपटेल एवढीच पोकळी होती. तिथे मला लोखंडी पट्ट्यांनी तुळयांना टांगण्यात आले. दोघे भाऊ पाठीवर पडून पट्ट्या ठोकत होते. वर ऑरिनची बायको व्हर्ना वाट बघून कंटाळली. गरम हवा वर येण्यासाठी खोलीच्या जमिनीत लोखंडी जाळी बसवली होती, तिला तोंड लावून तिने हाक मारली,

“ऑरिन, खाली झोपलास की काय?”

“झोपलोच आहे!” खालून ऑरिन ओरडला. “बसायला जागा कुठाय इथे?”

व्हर्नाचे ते हसू माझ्या सगळ्या फांद्यांतून घुमले. माझ्यातून गेलेली पहिली गोष्ट ऊब नव्हती, ते हसू होते. हे माझे भाग्य.

मग स्वैपाकघराशेजारच्या कपाटातली घर तापवायची भट्टी पेटली, तिच्या पंख्याने गरम हवा माझ्यात ढकलली, आणि माझे काम सुरू झाले. भट्टीने हवा तापवायची, मी ती खोल्याखोल्यांत पोचवायची. ऐकायला सोपे आहे, पण डोंगरातला हिवाळा साधा नसतो. पहाटे अंगणातला नळ गोठलेला असायचा. ऑरिन शाळेची बस चालवायचा. व्हर्ना मोज्यांच्या गिरणीत कामाला होती. दोघे अंधारातच उठायचे आणि आधी जाळीवर येऊन उभे राहायचे. व्हर्ना पावासाठी मळलेले पीठ फडक्याखाली झाकून माझ्या जाळीशेजारी ठेवायची. ते फुगायला लागले की त्याचा आंबूस वास माझ्यापर्यंत यायचा. एका वसंतात टोपलीभर कोंबडीची पिल्लेही जाळीजवळ राहिली. त्यांच्या चिवचिवाटाने माझे कान किटले, पण एकही पिल्लू गारठले नाही.

सगळ्यांत जास्त हक्क गाजवला तो त्यांच्या मुलीने, कोरालीने. मागच्या खोलीतल्या जाळीवर ती झोपेतले लांब झबले घालून उभी राहायची आणि हवेने ते तंबूसारखे फुगायचे. तिथे बापलेकीची रोज भांडणे.

“बाबा, सरक ना! माझी पाळी आहे.”

“अगं, पाय गोठलेत माझे.”

“तुझे पाय केवढे आहेत! सगळी हवा अडवतात.”

“बरं बाई, एक पाय काढतो. अर्धी हवा तुझी.”

पाहुणे आले आणि कोणी भट्टीची तारीफ केली की ऑरिन म्हणायचा, “भट्टीचा नुसता आवाज. ऊब आणून देते ती खालची नळी.” तो नुसते बोलून थांबायचा नाही. थंडी सुरू होण्याआधी तो दिवा घेऊन खाली यायचा, एकेक पट्टी हलवून बघायचा, सांध्यांवरचा लेप तपासायचा, आणि निघताना माझ्या पाठीवर थाप मारायचा. मित्रांनो, जमिनीखाली राहणाऱ्यांना अशी थाप क्वचित मिळते. मला ती वर्षानुवर्षे मिळाली.

कोराली मोठी झाली आणि नोकरीसाठी नॉक्सव्हिलला गेली. मग ऑरिन आजारी पडला. त्याची शेवटची थंडी मागच्या खोलीत गेली. व्हर्नाने त्याचा पलंग ढकलत ढकलत जाळीजवळ आणला होता. “हात खाली सोडला की बरं वाटतं गं,” असे तो तिला म्हणाला, ते मी ऐकले. त्या दिवसांत माझ्याकडे जे काही होते ते सगळे मी त्या फांदीतून पाठवले. झाडांना पालवी फुटायच्या सुमारास तो गेला.

त्यानंतर खाली कोणी आले नाही. व्हर्नाला दोष देऊ नका. तिचे गुडघे दुखत, आणि खालचे काम ऑरिनचे, असे तिच्या घरात ठरलेलेच होते. छपराचे पाणी वाहून नेणारा पाइप तुटला आणि पावसाचे पाणी घराखाली मुरू लागले. माझ्या अंगावरची, ऊब आत धरून ठेवणारी काचतंतूंची पिवळी रजई भिजून जड झाली आणि लोंबून गळून पडली. जस्ताची फुले विझली, गंज चढला. उंदरांनी संसार थाटले. मग एके दिवशी टेलिफोनची तार टाकायला कोणी माणूस सरपटत आला. परत फिरताना त्याने मागच्या खोलीच्या फांदीवर कोपर टेकून सगळा भार दिला. गंजलेली पट्टी तुटली. फांदी माझ्यापासून निसटून मातीवर पडली. त्याने मागे वळून पाहिलेही नाही.

पुढच्या थंडीत भट्टी पेटली. हवा आली, पण मागच्या खोलीचा रस्ताच राहिला नव्हता. तिची सगळी ऊब मातीत सांडू लागली. गळती इतकी मोठी होती की बाकीच्या खोल्यांनाही पुरेसे काही उरेना.

व्हर्ना कोरालीशी फोनवर बोलताना म्हणाली, “तुझे बाबा गेले आणि त्या खोलीतली ऊबच घेऊन गेले बघ.”

मला ओरडून सांगावेसे वाटले, अगं नाही, खाली बघ! पण मला आवाज नव्हता. माझ्यातून दुसऱ्यांचेच आवाज जात.

एकेक हिवाळा जात राहिला. व्हर्ना आधी दोन स्वेटर घालू लागली. मग तिने मागची खोली बंद केली. मग ती स्वैपाकघरात ओव्हनसमोर खुर्ची ओढून, अंगात ऑरिनचा जाड कोट घालून तिथेच झोपू लागली. ती खोकायची. तिने पाव करणे सोडले. पीठ फुगतच नाही, म्हणायची. कोराली भेटीला आली आणि आईला कोटात पाहून हबकली.

“आई, तू खुर्चीत झोपतेस?”

“थंडी वाजते गं. वय झालं आता. रक्तातच ऊब राहिली नाही.”

“मग एकटी कशाला राहतेस? माझ्या घराजवळ म्हाताऱ्या माणसांसाठी छान जागा आहे. नर्स आहे, गरम जेवण आहे…”

“आणि तुझ्या बाबांचं घर?”

“विकू या, आई.”

ते भांडण दोन दिवस चालले. व्हर्ना हट्टी होती, पण शेवटी तिचा आवाज खाली आला. “तुला जे बरं वाटेल ते कर,” ती म्हणाली. मित्रांनो, तिच्या तोंडून असे वाक्य मी कधी ऐकले नव्हते. भांडी फुटल्याचा आवाज त्यापेक्षा बरा.

कोराली खोकी घेऊन सामान बांधायला आली. मागच्या खोलीत बापाचे कपडे घडी करताना ती दमली आणि सवयीने जाळीवर जाऊन उभी राहिली. बराच वेळ उभी राहिली. मग ती खाली बसली. तिचा हात मला जाळीवर जाणवला.

“आई, इकडे ये. इथून हवाच येत नाहीये.”

“येते की. भट्टी चालू आहे, ऐकू येत नाही का? मला मेलीला म्हातारपणी कळत नाही, एवढंच.”

“आणि मी काय म्हातारी आहे? मलाही कळत नाहीये! ठेव हात इथे.”

दोघींचे हात जाळीवर होते. मग कोराली उठली आणि तिने फोन लावला.

दुसऱ्या दिवशी टोबायस हेन्स्ली आला. भट्ट्या आणि नळ्या बसवण्याचे काम करणारा, दाढीवाला, कोरालीच्या वर्गातला. आमच्याकडे मोठ्या बायकांना आदराने ‘मिस’ म्हणतात, तसे तो दारातच म्हणाला, “मिस व्हर्ना, तुमच्या नवऱ्याने मला एकदा बसमधून उतरवलं होतं. गाणं म्हणायचो म्हणून.”

“मी ऐकलंय तुझं गाणं. बरोबर केलं त्याने,” व्हर्ना म्हणाली.

तो घराखाली शिरला. इतक्या वर्षांनी माझ्या अंगावर दिव्याचा उजेड पडला. टोबायस सरपटत मागच्या खोलीखाली आला आणि थबकला. जिथे माझी ऊब सांडत होती तिथे मातीत एक खळगा झाला होता, आणि त्यात एक गुबगुबीत करडी मांजर पाय ताणून झोपली होती. टोबायसने तुटलेल्या फांदीला तोंड लावले आणि हाक मारली. तो आवाज थेट वरच्या जाळीतून निघाला.

“मिस व्हर्ना! ऐकू येतंय?”

“येतंय!”

“गेले कित्येक हिवाळे तुम्ही एका मांजरीची शेकोटी चालवताय! नळी तुटून पडलीय. तुमच्या खोलीत येणारी सगळी हवा इथे हिच्या पोटाखाली!”

वर आधी कोराली हसली. मग व्हर्ना हसली, आणि हसता हसता तिचा आवाज कापरा झाला.

“म्हणजे माझं रक्त गार नव्हतं पडलं?”

“नाही गं आई.”

“आणि खोलीतली ऊब… ती तुझ्या बाबांनी नव्हती नेली?”

 कोराली आईला बिलगली असावी, कारण नंतर बराच वेळ मला फक्त एकच श्वास ऐकू आला.

टोबायसने वर येऊन सांगितले, की आता ही सगळीच काढावी लागेल. व्हर्नाला ते रुचले नाही.

“लेप लावून नाही का भागणार? ऑरिनने आणि लाइलने पाठीवर पडून बसवलीय ती.”

“मिस व्हर्ना, हात लावला तर माझं बोट आत जातंय. तिने करायचं तेवढं केलं. आता तिला सोडा.”

मित्रांनो, मला वाईट वाटेल असे तुम्हाला वाटले असेल. तसे झाले नाही. “तिने करायचं तेवढं केलं” हे शब्द मी ऐकले, आणि मला सुटल्यासारखे झाले.

काम बरेच दिवस चालले. टोबायस एकटाच होता, म्हणून कोरालीने बापाचे जुने जाकीट चढवले आणि तीही घराखाली उतरली. कोळ्याची जाळी केसांत, चिखल कोपरांना, आणि तोंडाने सतत किंचाळ्या. “साप!” ती ओरडली, तर ती टोबायसची दोरी निघाली. त्यांनी माझे तुकडे कापून एकेक बाहेर ओढले. छपराच्या पाण्याचा पाइप दुरुस्त केला, ओल वर येऊ नये म्हणून मातीवर जाड प्लास्टिक अंथरले आणि नव्या नळ्या चांगल्या रजईत गुंडाळून नव्या पट्ट्यांवर टांगल्या. मांजरीला बाहेर काढताना टोबायसला ओरखडे बसले. व्हर्ना म्हणाली, “तिला आत आण. इतके हिवाळे मीच पोसलीय, आता तोंड तरी बघू दे तिचं.”

आणि मी व्हर्नाचे तोंड पाहिले! अंगणात ऊन होते. मी जिला आयुष्यभर ओळखत होते तिला तोवर पाहिले कधीच नव्हते. व्हर्ना तिच्या आवाजाच्या मानाने अगदीच लहानखुरी निघाली. पांढरे केस, गालावर पिठाचा डाग. ती काठी टेकत माझ्या ढिगाशी आली आणि गंजलेल्या पत्र्यावर तिने तळवा ठेवला.  तिचा हात गरम होता. आजवर मी तिला ऊब दिली. त्या दिवशी तिच्याकडून मला मिळाली.

काल नव्या नळ्यांतून भट्टीची हवा पहिल्यांदा सोडली. मागच्या खोलीची खिडकी माझ्या समोरच आहे. व्हर्नाने पडदा सारला, कोट काढला आणि पलंगावर फेकला. खिडकी जराशी उघडी होती.

“आई, मी त्या लोकांना कळवते, जागा नको म्हणून,” कोराली म्हणाली.

“म्हणजे माझ्याच घरात राहायची परवानगी मिळाली म्हणायची मला?”

“मिळाली. पण दर थंडीच्या आधी मी येणार आणि खाली जाऊन बघणार.”

“जा की. फक्त किंचाळू नकोस. मांजर घाबरते.”

रस्त्यावर गाडीचा आवाज येतो आहे. मला न्यायला आले आहेत. मला वितळवतील, आणि माझे पुढे जे काही होईल ते होवो. ज्याने मला ठोकून आकार दिला त्याची, ज्याने पाठीवर थाप मारली त्याची, माझ्या जाळीवर भांडणाऱ्या पोरीची आणि माझ्यातून हसणाऱ्या बाईची मी ऋणी आहे. एवढे प्रेम घराच्या छपरावर वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या सोनेरी कोंबड्यालाही मिळत नसेल.

जाता जाता एकच मागणे. तुमच्याही घरात, जमिनीखाली, भिंतीआड, माळ्यावर कोणीतरी गुपचूप राबत असेल. वर्षातून एकदा त्याच्याकडे जाऊन या. आणि घरातले म्हातारे माणूस थंडी वाजते म्हणाले, तर ‘वय झालं’ म्हणून मोकळे होऊ नका. आधी त्याच्याशेजारी बसा, जाळीवर हात ठेवून बघा, आणि गार लागली तर दिवा घेऊन खाली उतरा.