उत्तम क्षमा आणि सोमवारची साक्ष

ते साल १९९५. भाद्रपद निम्मा होत आला होता. सांगलीच्या गावभागातल्या जैन मंदिरात दशलक्षण पर्वाच्या, उपासाच्या दहाही दिवसांत बायकांचं बोलणं एकच होतं, चंदनबाला जिनेंद्रला क्षमा करणार का?

चंदनबालाला दोन लेकरं, धवल आणि स्वप्नाली. थोरला धवल साताऱ्याला कॉलेजात शिकत होता. उंब्रजजवळ त्याची मोटारसायकल घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. साताऱ्याच्या दवाखान्यात हाड जुळलं, पण दुखणं थांबवायच्या गोळ्यांची सवय काही सुटली नाही. घरी आला तो ताटावर पेंगतच. चंदनबाला एकटी पुन्हा साताऱ्याला गेली. तिथल्या भार्गवी डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून सांगितलं, “या गोळ्या आणखी वाढल्या तर झोपेतच पोराचा श्वास थांबेल. कुठून घेतो तिथं जाऊन बजावा.”

परतीच्या एस.टी.तून उतरली ती घरी न जाता थेट जिनेंद्रच्या औषधाच्या दुकानात. जिनेंद्र परका नव्हता. त्याची आई हरणाबाई आणि चंदनबाला मंदिरात वर्षानुवर्षं एकाच खांबाशी बसत.

“जिनू, धवलला त्या गोळ्या देऊ नगंस. डॉक्टरीण म्हणली, जीव जाईल.”

“न्हाई देत, काकू,” जिनेंद्र म्हणाला आणि वर पाणीही विचारलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं पुढच्या दारानं देणं बंद केलं आणि मागच्या दारानं सुरू केलं. माघात एका सकाळी धवल उठलाच नाही.

खटला उभा राहिला. गोळ्या जिनेंद्रच्याच दुकानातल्या, हे साक्षीपुराव्यात आलं. पण त्याचा वकील म्हणत होता, निष्काळजीपणा झाला, आरोपीला काय माहीत की पोरगा मरेल? तसं ठरलं तर फार तर दोन वर्षं. माहीत असून दिल्या असं ठरलं, तर सदोष मनुष्यवध, दहा वर्षांपर्यंत. त्याला बजावलं होतं हे सांगणारी एकटी चंदनबाला. तिची साक्ष सोमवारी होती आणि आदल्याच दिवशी, रविवारी, क्षमावाणी आली.

त्या दिवशी आमच्याकडे जो समोर येईल त्याला हात जोडून ‘उत्तम क्षमा’ म्हणतात, आणि कुणी मागितलेली क्षमा नाकारत नाहीत. मंदिराचे विश्वस्त लालासाहेब यांनी नेमका हाच दिवस हेरला होता. पूजा संपल्यावर त्यांनी हरणाबाईला पुढं आणलं. म्हातारीनं हात जोडले आणि ती वाकायलाच लागली.

चंदनबालानं तिला वरच्या वर धरलं. “उत्तम क्षमा, आक्का,” म्हणाली आणि दोघी गळ्यात पडून रडल्या. बघणाऱ्यांनीही डोळे पुसले.

“झालं!” लालासाहेब हातावर हात घासत म्हणाले. “आता उद्या कोर्टात काय बोलायचं ऱ्हायलं न्हाई.”

“समन्स हाय, भावजी. जावं तर लागंल.”

“जावा की! आटवत न्हाई म्हनायचं नि यायचं.”

चंदनबाला काही बोलली नाही. ती गप्प बसली म्हणजे तिनं मानलं, असं सगळ्यांनी धरलं. तिच्या नवऱ्यानं, जयपालनंही तेच धरलं. घरी जाताना म्हणाला, “मग उद्या मी आडतीवर गेलो तर चालंल न्हवं?”

“जावा की. मी स्वप्नालीला घिऊन जाते.”

“कशाला? आटवत न्हाई म्हनायला दोघी?”

“मला सगळं आटवतंय, आवं.”

जयपाल रस्त्यातच थांबला. “आगं, समाजात तोंड दाखवायचं हाय आपल्याला!”

“माझं मी दाखवते. तुमचं तुमी बघा.”

सोमवारी कोर्ट भरून गेलं होतं. चंदनबाला धुवट पांढरं पातळ नेसून, पदर खांद्यावरून घट्ट घेऊन पिंजऱ्यात उभी राहिली. दुकानात काय घडलं ते सरकारी वकिलाला तिनं जसंच्या तसं सांगितलं. जिनेंद्रचा वकील उठला तो हसतच.

“बाई, काल तुम्ही आरोपीच्या आईला क्षमा केली. खरं ना?”

“व्हय.”

“मनापासून?”

“मग? धा दिस उपास करून खोटं बोलू व्हय?”

कोर्टात हशा पिकला. वकिलानं घसा साफ केला. “क्षमा केली, मग आज त्याच्या मुलाविरुद्ध का बोलता?”

“इरुद्ध कुठं बोलते? तुमी इचारताय, घडलं ते सांगते. माझा राग मी सोडला. आक्काच्या ताटात आज बी जेवीन. पर त्या मागच्या दारात माझ्या लेकासंगं आनखी पोरं उभी असायची. त्यांच्या आयांनी मला क्षमा करायला सांगितलेलं न्हाई.”

न्यायाधीशांनी लिहिता लिहिता मान वर केली. वकील खाली बसला. कोर्टाच्या दाराशी जयपाल उभा होता. आडत सोडून कधी आला होता, कुणास ठाऊक.

बाहेर वडाखाली हरणाबाई वाट बघत होती. आता ही शिव्याशाप देणार, म्हणून स्वप्नालीनं आईचा हात धरला. हरणाबाई जवळ आली.

“खरं बोललीस. त्या दिशी मी दुकानात कपाटाआड औषधं लावत हुते. तुझं बोलनं मी ऐकलं. काल क्षमा मागितली ती त्याची, आज माझी मागते. पोटच्या पोरापुढं माझी जीभ उचलली न्हाई गं.”

चंदनबालानं तिच्या डोक्यावरचा पदर सारखा केला. “चला, ऊन हाय,” एवढंच म्हणाली. आयुष्यभर बायकोच्या चार पावलं पुढं चालणारा जयपाल त्या दिवशी तिची पिशवी आणि छत्री घेऊन मागनं चालला. हे अख्ख्या गावभागानं पाहिलं, आणि त्याची मान काही खाली नव्हती.

जिनेंद्रला सात वर्षांची सक्तमजुरी झाली, दुकानाचा परवाना गेला. वरच्या कोर्टानं शिक्षा पाच वर्षांवर आणली, पण दोष कायम ठेवला. सुटल्यावर तो शिराळ्याला गेला, तिथं पिठाची गिरणी चालवतो. दर क्षमावाणीला येऊन चंदनबालाच्या पाया पडायचा आणि जेवूनच जायचा. लालासाहेब पुढच्या निवडणुकीत विश्वस्तपदावरून गेले. हरणाबाई गेली तेव्हा तिला शेवटची अंघोळ चंदनबालानं घातली. स्वप्नाली कोरेगावला दिली, तिला दोन मुली आहेत. जयपाल जाईपर्यंत पाहुण्यांना कोर्टातली गोष्ट सांगायचा, आणि दर वेळी वकील थोडा जास्तच घामाघूम व्हायचा.

आणि चंदनबाला? जिनेंद्रच्या दुकानाच्या जागी पुढं दुसऱ्यानं औषधाचं दुकान घातलं. म्हातारपणी गुडघे धरले म्हणून ती गोळ्या आणायला गेली, तर त्या पोरानं हात जोडले, “आज्जी, डॉक्टरची चिठ्ठी?”

रिकाम्या हातानं, लंगडत ती मंदिरात आली आणि खांबाशी बसलेल्या बायकांना मोठ्यानं म्हणाली, “चिठ्ठीबिगर मला सुदिक गोळी दिली न्हाई गं!” दुखरा गुडघा चोळत ती दिवसभर हसत होती.